कंपासपेटीतल्या २३ गोळ्या

प्रश्न: ताई, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, थॅलेसेमिया मेजर, म्हणजे जन्मतःच अंगात नीट रक्त न बनण्याचा आजार. आठ महिन्यांचा असताना कळलं, तेव्हापासून दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतो. एवढी वर्षं सगळं सांभाळलं, पण मागच्या महिन्यात फेरिटिन, म्हणजे अंगात साचलेल्या लोखंडाचा आकडा, एकदम १९०० वरून ३४०० आलं. डॉक्टर म्हणाले गोळ्या नीट चालू आहेत ना, मी छातीठोक सांगितलं, रोज माझ्या हाताने देते. चारच दिवसांनी दप्तर आवरताना जुन्या कंपासपेटीत २३ गोळ्या सापडल्या. ताई, मी त्याला मारलं. पहिल्यांदाच. तो रडला पण नाही, नुसता म्हणाला, "काही होत नाही त्या गोळीने." आणि रात्री अंधारात विचारतो, "आई, मी मोठा होणार ना?" मी म्हटलं असं बोलू नये, झोप. आम्ही त्याला आजाराबद्दल फार सांगितलेलं नाही, रक्त कमी आहे एवढंच, गोळी ताकदीची म्हणून देतो. मिस्टर हॉस्पिटलमध्ये आत येतच नाहीत, गाडीत बसून राहतात. मोठी मुलगी तेरा वर्षांची, ट्रान्सप्लांटसाठी तिचं बोनमॅरो मॅच झालं नाही, तेव्हापासून ती भावाशी धड बोलत नाही. त्याला आता खरं सांगायचं का? सांगायचं तर किती?
– एक आई

उत्तर:

अगं, माझी लेक आता चोवीस वर्षांची आहे, तीही मेजर. त्यामुळे तुला अहो-जाहो करायला माझी जीभ वळत नाहीये, अगं-तुगं करते, चालवून घे.

मारलंस ते चुकलंच, पण ते तुला कळलंय म्हणून तर एवढं पत्र लिहिलंस, त्यावर मी आणखी वेगळं काय बोलू. फक्त एकदा त्याला सॉरी म्हण, आणि सॉरी म्हणताना "पण तू पण..." असलं काही शेपूट लावू नकोस. नुसतं सॉरी.

आता त्याचं ते वाक्य, "काही होत नाही त्या गोळीने". तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी याच वाक्यापाशी थांबले, कारण अगं, तो खरं बोलतोय! त्याच्या बाजूने बघ ना. रक्ताची तारीख जवळ आली की त्याचं तोंड पांढरं पडतं, जिना चढताना दम लागतो, उगाच चिडचिड करतो, संध्याकाळीच पेंगायला लागतो. आणि ब्लड लावलं की दुसऱ्या दिवशी पोरगं नुसतं उधळलेलं असतं. म्हणजे रक्ताने काय होतं ते त्याला स्वतःच्या अंगात कळतं, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण गोळीचं? तू सांगितलंस ताकदीची आहे. त्याने २३ वेळा नाही घेतली. ताकद काही गेली नाही. झालं, त्याचा प्रयोग पूर्ण आणि निष्कर्षही चोख, आई उगाच मागे लागते. माहितीच चुकीची दिल्यावर त्याने तरी दुसरं काय करायचं?

आणि हे मी तुला मोठेपणाने नाही सांगत बरं का, मी स्वतः यातच आपटलेय. माझ्या लेकीला तिसऱ्या वर्षी पंप लागला, तेव्हा पोटाच्या कातडीखाली बारीक सुई टोचून रात्री आठ-दहा तास तो पंप लोखंड काढायचं औषध ढकलत राहायचा, आठवड्यातून पाच रात्री. उशीजवळ त्याची बारीक घरघर ऐकत झोपायचो आम्ही दोघी. मग पाण्यात विरघळवून प्यायची गोळी आली तेव्हा मला वाटलं सुटलो. पाच-सहा वर्षं तशी गेली. ती चौदाची झाली आणि ग्लास घेऊन "मी दात घासता घासता पिते" म्हणायला लागली, मी म्हटलं वा, स्वतःचं स्वतः करतेय. बेसिनच्या जाळीभोवती खडूसारखं पांढरं कडं दिसायचं, ते मी दर रविवारी घासून काढायचे आणि क्षाराचं पाणी म्हणून नळाला शिव्या द्यायचे. आठ महिने! तिचं औषध मी स्वतःच्या हाताने घासत होते. फेरिटिन पाच हजारावर गेलं तेव्हा ट्यूब पेटली. तुझं किमान कंपासपेटीवर तरी भागलं.

तर तुझा मुख्य प्रश्न, खरं सांगायचं का. हो. आणि किती, तर तो विचारेल तेवढं आणि त्याच्या पुढे अर्धं पाऊल. नऊ वर्षांच्या पोराला भागाकार येतो, म्हणजे हे कळण्याएवढा तो मोठा आहे. मी कसं सांगितलं ते सांगते, तू तुझ्या भाषेत सांग. पुढच्या वेळी हॉस्पिटलच्या डे केअरमध्ये रक्ताची पिशवी लटकवली की त्याला तिच्यावरचं लेबल वाचायला लाव, ग्रुप कुठला, तारीख कुठली. मग सांग की आपलं रक्त लाल दिसतं ते ज्या हिमोग्लोबिनमुळे, त्यात लोखंड असतं, खरंखुरं लोखंड, आयर्न. तुझ्या शरीराला चांगलं हिमोग्लोबिन बनवता येत नाही म्हणून आपण दुसऱ्याचं घेतो. त्या पेशी काही आठवड्यांनी म्हाताऱ्या होऊन फुटतात, म्हणून परत घ्यावं लागतं. पेशी जातात पण त्यांच्यातलं लोखंड आतच राहतं. आपलं शरीर रोज जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोखंड आत घेतं आणि तेवढंच बाहेर जातं, जास्तीचं काढून टाकायला त्याच्याकडे रस्ताच नाही, खाली भोक नसलेली बादली. आणि एका पिशवीतून येतं साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम. आता कर भागाकार, एका पिशवीत किती दिवसांचं लोखंड आलं? त्यालाच करू दे, कागदावर, तू उत्तर सांगू नकोस. माझ्या लेकीने हिशोब केला आणि म्हणाली, "बाप रे, मग मी गंजेन की." म्हटलं हो, तेच, आणि ती गोळी बादलीला पाडलेलं भोक आहे. लघवी-शीमधून जास्तीचं लोखंड बाहेर नेते.

आणि मग "काही होत नाही" याचं उत्तर आपोआप येतं. होत नाही असं नाही रे बाळा, दिसत नाही. लिव्हरमध्ये साचतं, हृदयात साचतं, उंची वाढवणाऱ्या ग्रंथींमध्ये साचतं आणि दुखत अजिबात नाही, हीच तर लबाडी आहे त्याची. म्हणून आपण फेरिटिन बघतो. म्हणून मोठा झालास की हृदयाचा आणि लिव्हरचा एमआरआय करतात, टी-टू-स्टार म्हणतात त्याला, त्यात हृदयात किती लोखंड साचलंय ते कळतं. उंचीचा मुद्दा मुलांना फार पटतो असा माझा अनुभव आहे, हृदयबिदय त्यांना लांबचं वाटतं, पण वर्गात सगळ्यात पुढे उभं राहायला लागणं हे अगदी जवळचं दुःख असतं.

ताकदीची गोळी हा शब्द मात्र घरातून काढूनच टाक. आणि हे तू त्याला कबूल कर की मी तुला नीट सांगितलं नव्हतं.

आता ते रात्रीचं. "मी मोठा होणार ना." मला माहितीये तुझ्या पोटात काय झालं असेल. पण "असं बोलू नये" म्हटल्यावर मुलाला काय ऐकू येतं माहितीये? की उत्तर नाही असं आहे, आणि आईला ते सहन होत नाहीये, म्हणजे आता आईला हे विचारायचं नाही. मग ते एकटेच विचार करत बसतात. तूच विषय काढ आता, तो परत विचारेल म्हणून वाट बघू नकोस. अंधारातच काढ, तोंड दिसत नसलं की दोघांनाही सोपं जातं. आधी विचार, "तुला तसं का वाटलं रे?" बहुतेक वेळा मागे काहीतरी ठोस असतं. माझ्या लेकीच्या शेजारच्या बेडवर एक मुलगी असायची, दोघींच्या तारखा एकच, सापशिडी खेळायच्या. ती यायची बंद झाली. आम्ही सगळ्या आयांनी मिळून ठरवलं की ती दुसऱ्या गावी राहायला गेली असं सांगायचं. माझी लेक ऐकून घ्यायची, काही बोलायची नाही. दोन महिन्यांनी म्हणते, "मग तिची पाण्याची बाटली सिस्टरच्या टेबलावर का आहे?" मला तोंड लपवायला जागा उरली नाही. तुझ्या डे केअरमध्ये असं कुणी येईनासं झालंय का बघ, आणि खरोखर गाव बदललं असेल तर तसं, नाहीतर जे आहे ते सांग.

आणि मग उत्तर दे: हो, मोठा होणार. हे खोटं आश्वासन नाही ग, मनापासून सांग. डेट्रॉइटच्या थॉमस कूली या डॉक्टरने १९२५ साली या आजाराचं पहिल्यांदा वर्णन केलं तेव्हा अशी मुलं लहानपणीच जायची. पुढे नियमित रक्त मिळायला लागलं तर साचलेल्या लोखंडाने हृदय बंद पडून विशीच्या आसपास जायची. मग पंप आला, २००५ नंतर दिवसातून एकदा घ्यायची गोळी आली, आणि आज पन्नाशीत पोचलेले मेजर आहेत, नोकऱ्या करतात, काहींना मुलंबाळं आहेत. मधल्या काळात काय बदललं? बादलीला भोक पडलं. त्याला सांगताना अर्थात एवढा इतिहास नको, "हो, होणार, आणि ती गोळी त्यासाठीच आहे" एवढं बास. पण तुझ्या स्वतःच्या मनात हे पक्कं असू दे, आवाज कापला की मुलांना लगेच कळतं.

कामाच्या गोष्टी भराभर सांगते. तेवीस गोळ्यांचं डॉक्टरांना खरं सांग, लाजू नकोस, नाहीतर औषध लागू पडत नाही असं समजून ते डोस वाढवून बसतील. फेरिटिन ताप-इन्फेक्शनमध्येही वर जातं, त्यामुळे एका आकड्यावर जीव टांगू नकोस, तीन-चार रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून बघायचे. त्याला गोळी का नकोशी होते तेही विचार, पोटात मळमळतं का, गिळताना अडकते का. औषधाचे प्रकार बदलता येतात, वेळ बदलता येते, पण डॉक्टरांना विचारून, मनाने नाही. किडनी-लिव्हरच्या तपासण्या आणि वर्षाला कान-डोळे, हे चुकवू नकोस. आणि कधी डेफेरिप्रोन ही लोखंड काढायची दुसरी गोळी चालू केलीच तर ताप आला किंवा घसा धरला की ती गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, उद्यावर नाही, पांढऱ्या पेशी एकदम घसरू शकतात.

सुईच्या बाबतीत, कुठला हात ते त्याला ठरवू दे. हे वाचायला किरकोळ वाटेल. पण त्या अख्ख्या दिवसात त्याला विचारून झालेली ती एकच गोष्ट असते बघ. माझी लेक सकाळी उठल्यावर जाहीर करायची, "आज डावा", आणि आम्ही तासभर आधी डाव्या हातावर बधिर करणारं क्रीम लावून वर चिकटपट्टी मारायचो. एकदा नवीन सिस्टरने उजवा ओढला तर हिने आख्खा वॉर्ड डोक्यावर घेतला. मला तेव्हा भयंकर लाज वाटली होती, आता वाटतं बरं केलं.

तसंच थोडं थोडं त्याच्याकडे सोपवत जा. कॅलेंडरवर तारखेला गोल त्याने करायचा, हिमोग्लोबिन आणि फेरिटिनचा आकडा वहीत त्याने लिहायचा, गोळ्या आठवड्याच्या डबीत त्याने भरायच्या. पण गिळताना मात्र तू समोर उभी राहायचं, अजून बरीच वर्षं. स्वावलंबी करायचं म्हणून औषध पूर्ण मुलाच्या हातात सोडून देणारे आईबाप मी खूप पाहिलेत, त्यात मीही आले, आणि तेरा ते अठरा हा काळ या बाबतीत अगदी वाईट असतो. आजार त्याचा आहे, एक दिवस सगळाच त्याने सांभाळायचाय, पण एकदम अंगावर टाकून नाही. शाळेतही कुणाला सांगायचं ते त्याला विचारून ठरवा, बाईंना मात्र माहीत असलंच पाहिजे.

मिस्टरांचं. माझे मिस्टर पण गाडीत बसायचे. मी सात वर्षं त्यांच्यावर धुमसत होते की याला काही पडलेलीच नाही. आणि एकदा मी काहीतरी विसरले म्हणून खाली गेले तर स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलेले. दोघंही मायनर, म्हणजे स्वतः आजारी नसलेले पण आजाराचं जीन अंगात असलेले, असल्याशिवाय मेजर मूल होत नाही, आणि दोघं असले तरी प्रत्येक वेळी चारात एक शक्यता, म्हणजे माझं जेवढं तेवढंच त्यांचं, पण त्यांनी आपल्या डोक्यात सगळं स्वतःच्या नावावर लिहून घेतलं होतं आणि मी माझ्या. काहीजणांना सुई बघवत नाही ग, खरंच नाही बघवत. मग त्यांना न बघवणाऱ्या ठिकाणी उभं करण्यात काय अर्थ आहे? आमच्याकडे मग रक्तदात्यांची यादी, रक्त जुळतंय का ते बघायला, क्रॉसमॅचला, सॅम्पल नेऊन देणं, फाईल, रिपोर्ट, सगळं त्यांच्याकडे गेलं, आणि त्यांनी ते माझ्यापेक्षा दहापट नीट केलं. आत यायला लागले ते पुढे, आपले आपण. पण विचार त्यांना, गाडीत बसून काय करता म्हणून. भांडायला नाही, असंच.

मला खरी काळजी वाटते ती तुझ्या लेकीची. तू तिच्यावर एकच वाक्य लिहिलंयस. तिचं बोनमॅरो "मॅच झालं नाही", हे घरात कुठल्या सुरात बोललं गेलं आठव जरा. अकरा-बारा वर्षांच्या पोरीने रक्त दिलं, सगळं घर तिच्या रिपोर्टकडे डोळे लावून बसलं, आणि मग आईचा चेहरा पडला. तिला काय कळलं असेल? की मी नापास झाले, माझ्यामुळे भाऊ बरा होऊ शकला नाही. ती त्याच्याशी बोलत नाही ते रागाने नसेल ग, तोंड कसं दाखवू म्हणूनही असेल. सख्ख्या भावंडांचं मॅच व्हायची शक्यता मुळातच चारात एक, हे तिला कुणी सांगितलंय का? कॉलेजातल्या मुलीशी बोलावं तसं तिच्याशी बोल. आणि तिला एकटीला कुठेतरी घेऊन जा, जिथे भावाचा विषय निघणार नाही. ती स्वतः मायनर असेल तर तेही नीट समजाव, मायनर म्हणजे आजार नाही, टेनिसवाला पीट सँप्रस मायनर आहे आणि त्याने चौदा ग्रँड स्लॅम जिंकल्या. फक्त पुढे जोडीदारही मायनर आहे का याची तपासणी करून घ्यायची, एवढंच.

कायमचं बरं होण्याचं तू विचारलं नाहीस, पण मनात असणारच. बाहेरच्या डोनरचं ट्रान्सप्लांट, जीन थेरपी, दारं बंद नाहीत. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने कॅसजेव्ही नावाच्या, क्रिस्पर या जीन बदलायच्या तंत्रावरच्या उपचाराला मान्यता दिली, बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी. त्यात आधी जबर केमो असते, सोपं काही नाही, आणि सगळ्यांच्या आवाक्यातलं तर अजिबात नाही. पण एक लक्षात घे, यातलं काहीही करायची वेळ आली तर आधी लिव्हर आणि हृदय तपासतात. ट्रान्सप्लांटची जोखीम ठरवायची इटलीतल्या पेझारोची एक जुनी पद्धत आहे, त्यात तीनच प्रश्न, लिव्हर वाढलंय का, त्यात जखमेसारखे व्रण पडलेत का, आणि लोखंड काढायचं औषध नियमित घेतलंय का. म्हणजे फिरून फिरून परत कंपासपेटीच.

त्यावरून आठवलं, त्या २३ गोळ्या परत डबीत टाकू नकोस, आणि राहिलेल्या भरून काढायला म्हणून दोन-दोन तर चुकूनही देऊ नकोस, किडनीवर येईल. पुढच्या तारखेला जाताना आहेत तशा पुडीत बांधून त्याच्याच हातात दे, डॉक्टरांच्या टेबलावर त्याला ठेवू दे. तू काही बोलू नकोस तेव्हा.